हॉलिडे पार्कातील चतुर्विध जीव

हंसदेव नावाच्या जैन पंडिताने तेराव्या शतकात ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात सिंह आहेत, हत्ती आहेत, पक्षी आहेत आणि त्यांचे स्वभावही आहेत. ग्रंथात उणीव एकच. बार्बेक्यूच्या तव्यापासून चार हातांवर बसून सॉसेज कधी उलटतात याची वाट पाहणारा पक्षी, किंवा ऐन मध्यरात्री केबिनच्या पत्र्यावर फेऱ्या मारणारा प्राणी, यांचा त्यात विचारच नाही. याचा दोष हंसदेवाला देता येत नाही. तेराव्या शतकात ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा मिळत नसे. मला तो मिळाला, कारण आमची मुलगी सिडनीला असते, आणि ही उणीव भरून काढण्याची जबाबदारीही त्या व्हिशाबरोबरच माझ्यावर आली, असे मी समजतो.

ज्यांनी हॉलिडे पार्क पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या लहानमोठ्या गावांत समुद्राला खेटून एक मोठे आवार असते. आत शिरताना फाटकावर आकडे दाबावे लागतात. एका बाजूला लाकडी केबिनी, दुसऱ्या बाजूला कॅरव्हान आणि तंबू, मध्ये सामाईक स्वयंपाकघर, मुलांनी उड्या मारायची फुगवलेली भली मोठी उशी, आणि सगळ्यांपासून सारखीच गैरसोयीच्या अंतरावर न्हाणीघर व संडास. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. सकाळी दहाला जागा सोडायची. हे दोन्ही नियम माणसांना आहेत.

साधनांविषयी एवढेच की जावयांनी खास या सहलीसाठी दुर्बीण आणली होती, ती पहिल्याच संध्याकाळी पेटीत परत गेली. दुर्बीण दूरच्या प्राण्यासाठी असते. पार्कातला पक्षी दुर्बिणीतून पाहिला तर निव्वळ चोच दिसते. रात्रीसाठी मात्र बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद लावावा. लाल उजेडाचा निशाचरांना कमी त्रास होतो आणि शेजारच्या तंबूतल्या माणसालाही.

आता वर्गीकरण. शास्त्रज्ञ इथल्या प्राण्यांची पिशवीवाले, अंडी घालणारे सस्तन, पक्षी, सरपटणारे अशी विभागणी करतात. ती बरोबर आहे, पण निरुपयोगी आहे. पत्र्यावर धावणाऱ्याला पोटाशी पिशवी आहे हे कळल्याने झोप लागत नाही. पर्यटकांची विभागणी ‘गोड’ आणि ‘विषारी’ एवढीच आहे, आणि तीही ओरडत करायची असते. मी दोन्ही बाजूला सारल्या. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात हाक मारणारा, जाणून घेऊ पाहणारा, काही पदरात पडावे म्हणून येणारा, आणि काहीच नको असलेला. हॉलिडे पार्कातला प्रत्येक देशी प्राणी या चारांपैकी एकात बसतो, असा माझा सिद्धान्त आहे. देवाच्या जागी कोण, असा प्रश्न येईल. उत्तर उघड आहे. ज्याच्या हातात चिमटा तो.

आर्तांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आर्त म्हणजे कुरव. रुपेरी कुरव हा समुद्रपक्षी बटाट्याच्या चिप्सच्या पुड्याभोवती जमतो आणि आपल्यावर कोसळलेले संकट ओरडून सांगतो. संकट म्हणजे चिप्स दुसऱ्याच्या हातात असणे. एकाला मिळाली की बाकीच्यांचे दुःख दुप्पट होते.

अर्थार्थींत पहिला मान कूकाबराचा. क्रिकेटमुळे हे नाव आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ऑस्ट्रेलियातले कसोटी सामने त्या नावाच्या चेंडूने खेळले जातात आणि आपले सलामीवीर त्या चेंडूला काय म्हणतात ते आपण स्टंप माइकवर ऐकलेले आहे. मूळ पक्षी आपल्या खंड्याच्या कुळातला, वजनाने त्या कुळात सर्वांत मोठा, पण मासेमारीत त्याला फारसा रस नाही. किडे, सरडे, उंदीर आणि लहानसहान साप हे त्याचे अन्न. पहाटे आणि सांजवेळी सगळे कुटुंब एका फांदीवर बसून मोठमोठ्याने हसते. ते हसणे म्हणजे शेजारच्या कुटुंबाला दिलेली नोटीस असते: इथून पुढे आमची हद्द. हॉलिवूडने हा आवाज टारझनच्या आफ्रिकेतल्या जंगलांत बेधडक वापरला. आफ्रिकेत हा पक्षी नाही. पण टारझनही नव्हता, तेव्हा हिशेब चुकता झाला.

या कुटुंबाची रचना एकत्र आहे. आधीच्या विणींतली मोठी झालेली पोरे घरीच थांबतात, धाकट्यांना भरवतात आणि हद्द राखायला मदत करतात. आमच्या केबिनीसमोरच्या कठड्यावर यायचा तो या घरातला थोरला असावा. अंगाच्या मानाने डोके फार मोठे, डोळ्यावरून मागे गेलेला तपकिरी पट्टा, चोचीचा वरचा भाग काळा आणि खालचा फिका, पंखावर निळ्या शाईचे शिंतोडे. बसला की बसला. शरीर जागचे हलत नाही, फक्त मान थोडी कलते आणि एक डोळा तव्याकडे लागतो. आमच्याकडे थालीपीठ होते. त्याच्याकडे त्याने एकदा पाहिले आणि तुच्छतेने नजर काढून घेतली. शेजारच्या कॅरव्हानमधले गृहस्थ सॉसेज भाजत होते. त्यांनी मीठ घ्यायला मागे वळून पाहिले तेवढ्यात तपकिरी काहीतरी तव्यावरून गेले, आणि सॉसेज कठड्यावर होते. पुढचा प्रकार अभ्यासकांनी नीट पाहावा. कूकाबराने सॉसेज एका टोकाला धरले आणि कठड्यावर आपटले. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. साप पकडला की त्याला मारण्यासाठी तो असेच करतो. हे सॉसेज मेलेले होते, दळलेले होते, आतड्यात भरलेले होते आणि अर्धे भाजलेलेही होते. पण पक्ष्याने विधीत काटछाट केली नाही. पुरेसा मृत्यू झाला अशी खात्री पटल्यावरच त्याने ते गिळले. नातू म्हणाला, “आजोबा, त्याला माहीत नाही का ते मेलंय?” मी म्हणालो, माहीत असेल, पण पूर्वापार चालत आलेले कोण मोडणार.

रात्रीचा अर्थार्थी वेगळा. पहिल्या रात्री सौ.ने मला हलवून उठवले. “अहो, वर कोणीतरी खोकतंय.” मी ऐकले. खरोखरच पत्र्यावर कोणीतरी घसा खरवडत खोकत होते, मग धाडधाड चालत होते, मग थांबून पुन्हा खोकत होते. पलीकडच्या खोलीतून जावयांचा झोपाळलेला आवाज आला, “आई, पॉसम आहे तो. झोपा.” त्यानंतर पॉसम सोडून सगळे झोपले.

झुबकेदार शेपटीचा हा पॉसम एखाद्या गुबगुबीत मांजराएवढा, गुलाबी नाकाचा, झाडांच्या ढोलीत राहणारा आणि ढोली नसेल तर छताखाली राहणारा. त्याला पाहायची खरी जागा म्हणजे रात्री न्हाणीघराकडे जाणारी वाट. गाइड घेऊन, डोक्याला दिवे बांधून जे रानात जातात त्यांनाही काही ना काही दिसते असे म्हणतात. पण चप्पल पायात अर्धी घालून निघालेल्या माणसाला हमखास दिसते. दिव्याच्या खांबाखाली, कचऱ्याच्या पेटीवर पॉसमची मादी बसली होती. पाठीवर पिल्लू. दोन्ही हातांत केळ्याची साल धरून ती आतली पांढरी बाजू दातांनी खरवडत होती. मागच्या पायाला नख नसलेला अंगठा आहे, त्याने तिने पेटीची कड पकडली होती. माझ्याकडे तिने पाहिले ते ओळख नसलेल्या माणसाकडे लग्नाच्या पंगतीत पाहतात तसे: हा आपल्याकडचा की त्यांच्याकडचा?

कायदा या प्राण्याच्या बाजूने आहे. न्यू साउथ वेल्समध्ये घराच्या छतातला पॉसम परवान्याशिवाय पकडता येत नाही, आणि पकडला तर 150 मीटरच्या आत सोडावा लागतो. म्हणजे सोडणारा घरी येऊन पाय धुईस्तोवर पॉसमही आलेला असतो. व्हिक्टोरियात ही मर्यादा 50 मीटर आहे, तिथे बहुधा दोघे बरोबरच परततात. समुद्र ओलांडून न्यूझीलंडला गेले की याच प्राण्याचे नशीब पालटते. फरच्या धंद्यासाठी 1837 साली त्याला तिथे नेले, तो तिथल्या रानांत माजला, आणि आता त्याच्यासाठी जागोजाग सापळे लावलेले असतात. एकाच जीवाला एका देशात संरक्षण आणि दुसऱ्यात सापळा, याची संगती कोणत्याही दर्शनात लावता येईल असे मला वाटत नाही.

तिसरा अर्थार्थी दिवसा येतो आणि कोणी त्याला अडवत नाही. लेस मॉनिटर म्हणजे आपल्या घोरपडीचा ऑस्ट्रेलियन भाऊबंद, पूर्ण वाढला की दोन मीटरपर्यंत लांब. जीभ आतबाहेर करीत तो टेबलांमधून असा चालत जातो की माणसे बोलता बोलता पाय वर घेतात आणि वाक्य तसेच पुढे चालू ठेवतात. मी मुलीला तानाजी आणि यशवंतीची आठवण करून दिली. ती म्हणाली, “बाबा, दोर काढू नका. कूलर बंद करा.”

जिज्ञासू एकच, पण त्याच्यावर प्रबंध झालेले आहेत. पिवळ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा. आपल्याकडे तो जुन्या मराठी गोष्टींत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पिंजऱ्यात असायचा. इथे तो मोकळा असतो आणि बंदोबस्त कचऱ्याच्या पेट्यांचा करावा लागतो. सिडनीच्या काकाकुव्यांनी चाके लावलेल्या पेटीचे झाकण उघडायची युक्ती शोधून काढली: चोचीने कड उचलायची, मग पेटीच्या काठावरून चालत झाकण मागे ढकलत न्यायचे, शेवटी ते आपल्या वजनाने पलटते. 2018 पूर्वी तीन उपनगरांत हे दिसत होते. 2019 च्या अखेरीस 44 उपनगरांत. पक्षी एकमेकांचे पाहून शिकत गेले आणि वेगवेगळ्या भागांत उघडण्याची वेगवेगळी घराणी तयार झाली. हा अभ्यास 2021 साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. लोकांनी झाकणांवर विटा ठेवल्या, पक्ष्यांनी विटा ढकलून दिल्या. लोकांनी आणखी काही केले, शेजाऱ्यांनी ते पाहून तेच केले, आणि मग त्यावरही संशोधकांनी लिहिले, यावेळी माणसांविषयी. हा दुसरा निबंध मला जास्त आवडतो. पहिल्यात एक जिज्ञासू जात होती, दुसऱ्यात दोन झाल्या.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. पार्कात ठिकठिकाणी पाटी आहे की प्राण्यांना खायला घालू नये. मग देवाने अर्थार्थींना काही द्यायचेच नाही, तर ही भक्ती कशाची? पाटी बरोबर आहे. पावासारख्या मऊ खाण्याने कांगारूंचा जबडा सुजतो आणि सडतो. नुसता खिमा घातला तर कूकाबरा आणि मॅगपाय यांना कॅल्शियम मिळत नाही आणि हाडे ठिसूळ होतात. ज्या थाळीत पोपट दाटीवाटीने चोच घालतात तीतून रोगही पसरतात. पण पाटीखालीच बसून लोक पाव टाकतात, कारण पोपट हातावर बसल्याचा फोटो घरी पाठवायचा असतो. याला इतिहासही आहे. क्वीन्सलंडमधल्या करंबिन इथे अॅलेक्स ग्रिफिथ्स या मधमाश्या पाळणाऱ्या आणि फुले लावणाऱ्या गृहस्थाने रंगीत लॉरिकीट पोपटांनी फुलझाडांची नासधूस करू नये म्हणून त्यांना वेगळे खायला घालायला सुरुवात केली. पोपट जमले, पोपट पाहायला माणसे जमली, आणि 1947 साली तिथे अभयारण्य उभे राहिले. फुले वाचवायला सुरू झालेली लाच संस्था होऊन बसली. अशा संस्था आपल्याकडेही आहेत, पण त्यांत पोपट नसतात.

मॅगपायला चारांपैकी कोठेच बसवता येत नाही, त्याच्यासाठी सोळाव्या अध्यायाकडे, म्हणजे दैवी आणि आसुरी संपत्तीच्या प्रकरणाकडे जावे लागते. काळापांढरा, गोड गळ्याचा हा पक्षी वसंतात, म्हणजे तिथल्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात, घरट्यापाशी फिरकणाऱ्याच्या डोक्यावर मागून झेप घेतो. सगळे नर हे करीत नाहीत, दहातला एखादाच करतो. तो माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो. म्हणून सायकलवाले हेल्मेटला प्लास्टिकचे काटे खोचून हिंडतात आणि पाहणाऱ्याला साळिंदर सायकल चालवतेय असे वाटते. तरीही 2017 साली ‘गार्डियन’ने ऑस्ट्रेलियाच्या आवडत्या पक्ष्यासाठी मते मागवली तेव्हा पहिला आला मॅगपायच. दुसरा आला कचरापेटीत डोके घालणारा पांढरा शराटी. मतदार कोणत्याही देशातला असो, उमेदवाराच्या वर्तनाचा त्याच्यावर फार परिणाम होत नाही.

कांगारू भक्त नव्हेतच, ते यजमान आहेत. सिडनीच्या दक्षिणेला पेबली बीचच्या हिरवळीवर ते कुशीवर लोळलेले असतात. गवत कापलेले कोवळे आहे म्हणून ते येतात आणि आपण त्यांच्या वाटेत उभे असतो. त्यांनी उठून आपल्याला जागा द्यावी असे आपल्याला वाटते. त्यांना तसे वाटत नाही.

आता ज्ञानी. यासाठी व्हिक्टोरियात, ग्रेट ओशन रोडवर जावे लागते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात हा रस्ता बांधला. मेलबर्नला आलेल्या प्रत्येक मराठी आईवडिलांना या रस्त्याने नेऊन आणण्याची तिथल्या मुलांत रीतच आहे. वाटेत केनेट रिव्हर लागते. तिथे निलगिरीच्या एका झाडाखाली वीसेक माणसे माना वर करून उभी होती. वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, राखाडी गोळा. गुजराथी, चिनी, पंजाबी, मराठी, सगळे कुजबुजत होते.

“जिवंत आहे का?”

“मघाशी कान हलला होता म्हणे.”

“कोणी पाहिला?”

ज्याने पाहिला तो निघून गेला होता. कोआला दिवसाचे वीस तासांपर्यंत झोपतो. निलगिरीची पाने इतर बहुतेकांना विषासमान, पोषण बेताचे, ती पचवायला शरीराची बहुतेक मिळकत खर्ची पडते, मग उरते काय, तर झोप. ज्याला आपण समाधी म्हणतो तिला शास्त्रज्ञ पचन म्हणतात. त्याच्या बोटांचे ठसे माणसाच्या ठशांशी इतके जुळतात की सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळे ओळखणे अवघड जाते, पण आजवर कोठल्याही कागदावर अंगठा उमटवायची गरज त्याला पडलेली नाही. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड आणि राजधानी प्रदेशात 2022 साली सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवले, तेही त्याला कोणी जाऊन सांगितले असेल असे वाटत नाही.

आणि इथेच सिद्धान्ताचा गाभा आहे. सातव्या अध्यायात चौघांपैकी ज्ञानीच देवाला सर्वांत प्रिय ठरतो. हॉलिडे पार्कात अक्षरशः तेच घडते. कूकाबरा आपल्यासाठी तासन्‌तास ताटकळतो, त्याला आपण चोर म्हणतो. पॉसम रात्री थंडीत पिल्लाला पाठीवर घेऊन भेटीला येतो, त्याच्यासाठी आपण पिंजऱ्याचा परवाना काढतो. कोआला आपल्याकडे पाठ करून झोपतो, त्याच्यासाठी आपण शेकडो किलोमीटर गाडी हाकतो, त्याच्या पाठीचा फोटो काढतो आणि विमानतळावर त्याचीच मऊ बाहुली विकत घेतो. प्राण्याला आपल्यात जितका रस कमी, तितकी आपली त्याच्यावर माया जास्त. मुलगी म्हणाली, बाबा, हे प्राण्यांपुरतंच नाही. ती कशाविषयी बोलत होती ते मी विचारले नाही, कारण तिच्या शेजारी जावई गाडी चालवत होते.

वॉम्बॅटलाही ज्ञान्यांतच घालावे लागेल, फक्त त्याच्या ज्ञानाची शाखा भूमिती आहे. कांगारू व्हॅलीच्या गवतात सकाळी दगडांवर, ओंडक्यांवर ठेवलेले घन दिसतात, तलाठ्याने रोवलेल्या हद्दीच्या दगडांसारखे. त्या वॉम्बॅटच्या लेंड्या. एका रात्रीत शंभराच्या आसपास. आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून लेंडीला कडा येतात, असे पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि 2019 साली त्यांना भौतिकशास्त्राचे इग नोबेल मिळाले. घन घरंगळत नाही, त्यामुळे खूण जागच्या जागी राहते, असे त्याचे कारण सांगतात. ही लेंडी मी तळहातावर घेऊन पाहिली. सौ.ने तो हात दोनदा धुवायला लावला, दुसऱ्यांदा साबण तिने स्वतः दिला.

राहिला ब्रश टर्की, आणि त्याच्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. विद्वान म्हणजे मी आणि सौ. काळ्या अंगाचा, उघड्या लाल डोक्याचा, गळ्यात पिवळी झालर असलेला हा पक्षी युरोपातल्या अभ्यासकांना प्रथम गिधाड वाटला, आणि जॉन लेथमने 1821 मध्ये त्याची तशीच नोंद केली. नर पाचोळा पायांनी मागे ढकलत ढकलत ढीग रचतो. हा ढीग चार मीटरपर्यंत रुंद आणि माणसाच्या छातीइतका उंच होतो. पाचोळा कुजून ऊब तयार होते, माद्या येऊन अंडी पुरतात आणि निघून जातात. नर रोज चोच आत खुपसून उष्णता तपासतो, जास्त वाटली तर माती बाजूला करतो, कमी वाटली तर घालतो, आणि ती 33 ते 35 अंशांच्या आसपास राखतो. पिल्लू आतूनच वाट उकरत बाहेर येते आणि सरळ झाडीत पळून जाते. बाप त्याला ओळखत नाही, ते बापाला ओळखत नाही. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातले डॅरिल जोन्स यांनी मॅगपाय आणि ब्रश टर्की या दोन्ही पक्ष्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे, पण या पक्ष्याचा अध्याय कोणता, हा प्रश्न त्यांच्या विषयाबाहेरचा होता.

माझे मत असे की हा सातव्या अध्यायातला नाहीच, तिसऱ्या अध्यायातला कर्मयोगी आहे. ढीग रचायचा, तपमान राखायचे आणि फळाकडे पाहायचेही नाही. सौ.चे म्हणणे वेगळे. आमच्या केबिनीच्या पायऱ्यांशी फुलझाडांखाली घातलेला सगळा पाचोळा त्याने एका सकाळीत उपसून नेला आणि माती उघडी पाडली. व्यवस्थापकांनी पुन्हा पाचोळा आणून घातला. दुसऱ्या दिवशी त्याने तोही नेला.

“कर्मयोगी असेल,” ती म्हणाली, “पण पाचोळ्याबरोबर माझा एक मोजा गेलाय.”

मी म्हणालो, ढिगात शोधू.

“त्याला विचारून शोधा,” ती म्हणाली. तो ढिगावर उभा राहून, चोच आत घालून, तपमान पाहत होता.